पक्क्यावरून कच्च्यावर

प्रिय पंडित,

'प्रिय' हे पत्राच्या रिवाजापुरतं लिहिलं आहे, त्यातून दुसरं काही काढू नकोस. तुझा फोनवर बोलून पाठवलेला निरोप मिळाला. टँकरच्या पाण्याचं तुझं नवं सॉफ्टवेअर पहिल्यांदा आपल्या उमापूरच्या सहकारी संस्थेत लावायचं, सर्वसाधारण सभेत मी चेअरमन म्हणून त्याच्या बाजूनं दोन शब्द बोलायचे, आणि लोक बिचकले तर त्यांना मागच्या दुष्काळातल्या छावणीची आठवण द्यायची. "तेव्हाही नवंच लावलं होतं, कुणाचं काही बिघडलं नाही," असं तू म्हणालास. ते वाक्य मी पुन्हा लावून ऐकलं. तुझा आवाज खरा वाटला. म्हणजे तू खोटं बोलत नव्हतास, तुला माहीतच नव्हतं. त्याचाच मला जास्त राग आला. इतकी वर्षं ज्याला माहीत करून घ्यावंसं वाटलं नाही, त्याला आता मी सांगते.

गेवराईत बियाण्याच्या दुकानावरची ती खोली तुला आठवत असेल. पत्र्याखाली आपण दोघं बसायचो आणि खालून खताचा वास यायचा. संस्थेच्या जनावरांची नोंद ठेवायचं पहिलं सॉफ्टवेअर आपण तिथं लिहिलं. आपण म्हणते, कारण तू लिहायचास आणि मी ते मोडून दाखवायचे. तू संध्याकाळपर्यंत चार नव्या गोष्टी घालायचास, त्यातल्या तीन मी दुसऱ्या दिवशी पाडायचे, मग तू रुसायचास. बाजारच्या दिवशी तुझी आई उमापूरहून जीपनं यायची, फडक्यात भाकरी आणि ठेचा घेऊन. दारातच विचारायची, "चालतंय का न्हाई आजून?" तू म्हणायचास, खोलीतलं कच्चं आहे, संस्थेतलं पक्कं आहे. तिला ते बरोबर समजलं होतं. नियम तुझाच होता, पंडित. कच्चं खोलीतच राहणार, आपण दोघांनी सगळ्या बाजूंनी मोडून पाहिल्याशिवाय ते गावात जाणार नाही. संस्थेत नेहमी पक्कं चालणार, भले ते जुनं दिसो. तेव्हा तू शहाणा होतास, का पुण्याला जाऊन शहाणा झालास, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आपलं लग्न ठरता ठरता राहिलं, त्याचा या पत्राशी संबंध नाही. तुझ्या मनात तसं येईल म्हणून आधीच लिहिते. तू पुण्याला गेलास, कंपनीत लागलास. आपलं सॉफ्टवेअर कंपनीनं घेतलं, तू त्याचा मोठा माणूस झालास, आणि मी संस्थेची सचिव म्हणून उमापुरात राहिले. ते मी स्वतः निवडलं होतं. त्याचं मला दुःख नाही.

मग तो दुष्काळ आला. कालवा कोरडा, विहिरीच्या तळाला भेगा, आणि तलवाड्याच्या रस्त्याला संस्थेची चारा छावणी. किती जनावरं आली होती ते तू पाहिलंस. माणसं जनावरांपाशीच राहायची, चूल तिथंच, अंथरूण तिथंच. तुझ्या आईनंही तिची बैलजोडी आणि तांबडी गाय आणून बांधली होती. गाय गाभण होती, दिवस भरत आले होते. तुझे वडील धुळाजीमामा गेल्यापासून त्या गायीशी ती जेवढं बोलायची तेवढं कुणाशी बोलत नसे, हे तुलाही ठाऊक आहे. आपलं पक्कं तेव्हा छावणीत चालू होतं. ते मंद होतं, हे मी कबूल करते. जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा आकडा हातानं घालावा लागायचा. नोंदी घेणाऱ्या पोरींची बोटं दुखायची, रांग उन्हात उभी राहायची, बायका माझ्या नावानं बोटं मोडायच्या. पण त्याच्या खोडी आम्हाला माहीत होत्या. कुठं अडतं, कसं सोडवायचं, कुणाचा आकडा नेहमी चुकतो, सगळं पाठ झालं होतं.

तू आलास तो नवं घेऊनच. बिल्ल्याचा फोटो काढायचा, आकडा आपोआप, चाऱ्याची पावती आपोआप. पक्कं झालंय का, असं मी विचारलं. तू हसून म्हणालास, आता असं कुणी विचारत नाही भामा, सगळं जग चालत्या गाडीत दुरुस्ती करतं. आपली नवी आवृत्ती जुनीपेक्षा कितीतरी पुढची आहे, आणि लोकांनी वापरल्याशिवाय ती पक्की होणार कशी? पाऊस पडू दे, छावणी उठू दे, मग रिकाम्या वेळी लावू, असं मी म्हणाले. तुला ते पटलं नाही, कारण तुला छावणीची गर्दीच हवी होती. जिल्ह्याहून पाहुणे बघायला येणार होते, तुझी कंपनीची माणसं येणार होती, रिकाम्या मैदानात कुणाला काय दाखवणार? धोंडीराम अण्णा तेव्हा चेअरमन. त्यांना पाहुण्यांचं नाव ऐकूनच चढलं होतं. "लाव बे पंडित, भितो कावून? ही भामा निस्ती शंकेखोर हाय," असं ते सगळ्या संचालकांसमोर म्हणाले आणि तू मान खाली घालून हसलास. त्या हसण्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही.

तरी मी एकच गोष्ट विचारली. नाही जमलं तर जुन्यावर परत येता येईल का? सगळ्यांसमोर विचारली. तू म्हणालास, "एका मिनिटात." हे दोन शब्द मी अजून विसरले नाही. त्यांच्यावर विसंबून मी गप्प बसले.

पहिले दिवस बरे गेले. खरं लिहायचं तर चांगलेच गेले. रांग पटापट सरकायची, बायका खूश, तू टॅब हातात घेऊन पोरींना शिकवत फिरायचास. मग तू पुण्याला परत गेलास आणि वारं सुटलं. छावणीतली धूळ तू पाहिली होतीस, वाऱ्यातली पाहिली नव्हतीस. बिल्ल्यांवर शेण, धूळ, घाम. फोटोत आकडा धड दिसेना. माणूस असता तर म्हणाला असता, दिसत नाही, कान पुसून आण. तुझं कच्चं तसं म्हणत नव्हतं. त्याला जवळचा वाटेल तो आकडा ते घालत होतं आणि पुढं जात होतं. मग खरा आकडा आला की ते म्हणायचं, हे जनावर आज येऊन गेलं, हा माणूस दुबार चारा उचलतोय. दुबारवाल्याची पावती बंद, आणि नाव लाल अक्षरात. हा लाल रंग कुणी मागितला होता? आम्ही नाही. तो तू पाहुण्यांसाठी घातला होतास, चोर पकडला की छान दिसतो म्हणून.

बोगस जनावरांच्या गोष्टी तेव्हा प्रत्येक छावणीबद्दल ऐकू येत होत्या. त्यामुळं लाल नावं दिसली तेव्हा कुणाला शंकासुद्धा आली नाही. त्याच दुपारी पाहुणे आलेले. अण्णांनी भोंगा हातात घेतला आणि आपली छावणी किती कडक आहे हे दाखवायला ती नावं मैदानावर वाचून काढली. मी धावत पोचेपर्यंत शेवटचं नाव आलं होतं. दगडाबाई धुळाजी. तुझी आई.

तिथं जे झालं ते तुला कुणी सांगितलं नाही, म्हणून जसंच्या तसं लिहिते. नाव ऐकताच सगळे तिच्याकडं वळले. मग रांगेतून सटवा म्हणाला, "लेकाचंच मशीन, आन आईच दुबार," आणि लोक हसले. वाईट मनानं हसले असं नाही. उन्हात तासन्तास उभी राहिलेली माणसं कशालाही हसतात. तुझी आई हसली नाही, भांडलीही नाही. तिनं पदर नीट केला आणि मला म्हणाली, "भामे, माझी जनावरं तुझ्या डोळ्याम्होरं बांधलेली हायेत. तूच सांग आता." मी सांगितलं. अण्णांना सांगितलं, पाहुण्यांना सांगितलं, की यंत्र चुकतंय, मी रोज बघते, ही बाई कुणाची काडी उचलणार नाही. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. अण्णा म्हणाले, पंडितनंच बनवलंय ना, त्याच्या आईवर त्यो उगाच खोटा आळ घेईल का?

मी बाजूला जाऊन तुला फोन लावला. तू उचललास, घाईत होतास, मागं माणसं बोलत होती. तुझ्या आईचं नाव मी घेतलं नाही, कारण ती माझ्या शेजारी उभी राहून मान हलवत होती, नको म्हणून. नावं चुकीची लाल होताहेत, मला जुन्यावर ने, आत्ताच्या आत्ता, एवढंच मी म्हणाले. तू म्हणालास, आता मागं जाता येणार नाही भामा, जुन्या नोंदी नव्या साच्यात बसवल्यात, त्या उलट्या काढायचं अजून लिहिलेलं नाही. अजून लिहिलेलं नाही. म्हणजे 'एका मिनिटात' म्हणालास तेव्हा ते नव्हतंच. तू म्हणालास, पुढंच जाऊ, दोन दिवसांत दुरुस्ती पाठवतो, तोवर सांभाळून घे. सांभाळून घे म्हणताना तुझ्या आवाजात थोडा वैताग होता. मी फोन ठेवला.

मागं वळले तर तिनं जनावरं सोडली होती. मी दावं धरलं. थांबा मामी, मी माझ्या हातानं चारा घालते, पावती गेली चुलीत, असं म्हणाले. ती म्हणाली, "पावतीबिगर खाल्लं तर मग खरंच चोरी व्हईल की." मग तिनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. "पंडितला न्हाई सांगायचं. त्याची नवी जागा हाय. आईमुळं त्याचं काम वाईट दिसलं म्हनतील." मी शपथ घेतली. घ्यायला नको होती असं म्हणणार नाही. ती त्या वेळी दुसरं काहीच मागत नव्हती. भर उन्हात, वाळूचे हायवा ट्रक अंगाला घासून जाताहेत अशा रस्त्याच्या कडेनं, गाभण गाय आणि दोन बैल घेऊन ती उमापूरच्या वाटेला लागली. मला रांग सोडता येत नव्हती. मी टॅब बंद करायला लावला आणि डोळ्यांनी बघून चारा वाटायला बसले. पाहुण्यांची गाडी हलायच्या आत अण्णांनी तो परत चालू केला.

दुसऱ्या दिवशी मी पेंडीचं पोतं मोटारसायकलवर टाकून तिच्या शेतावर गेले. लिंबाखाली गाय पडलेली, आणि तुझी आई तिचं तोंड मांडीवर घेऊन बसलेली. पोटातलं वासरू रात्रीच गेलं होतं. गाय माझ्या देखत गेली. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, ऊन, उपास आणि चाल, तिन्ही एकदम झेपलं नाही. तुझी आई रडली नाही. गायीच्या कानातला बिल्ला तिनं पदरानं पुसला आणि मला दाखवला. आकडा स्वच्छ दिसत होता. पुढच्या बाजारी बैल गेले. तुला तिनं सांगितलं, छावणीत उन्हाचा त्रास होत होता म्हणून निघून आले, गाय आजारानं गेली. तू म्हणालास, वाईट झालं, दुसरी घेऊ. हे तिनंच मला सांगितलं, तुझं कौतुक म्हणून, लेक लगेच दुसरी घेऊ म्हणाला.

तुझी दुरुस्ती दोन दिवसांत आली, सांगितल्याप्रमाणं. लाल नावं गेली, आकडा दिसला नाही तर यंत्र थांबायला लागलं. त्यानंतर ते चांगलंच चाललं. आज सगळा तालुका ते वापरतो आणि मीसुद्धा वापरते, कारण आता ते पक्कं आहे. हे लिहायला आवडत नाही, पण खोटं लिहिणार नाही. मात्र नावं लाल झाली ती भोंग्यावर सांगितली गेली, पुसली गेली ती कुणी सांगितली नाही. मी अण्णांना म्हणाले, पुन्हा भोंगा लावा आणि दगडाबाई निर्दोष आहेत असं सांगा. ते म्हणाले, "कावून उकरायचं आता? इसरले लोक." लोक विसरले नव्हते. ते तिला दुबारमामी म्हणायला लागले होते. लग्नात, पाण्यावर, दुकानात. प्रेमानं म्हणायचे, हेच वाईट. संस्था काढताना आमच्यासोबत दारोदार फिरलेली ती बाई त्यानंतर संस्थेची पायरी चढली नाही. तू सुट्टीला यायचास तेव्हा कुणी ते नाव घेऊ नये म्हणून ती तुला घराबाहेर फारसं जाऊ द्यायची नाही. तुला वाटायचं, आईला आपला सहवास हवा असतो.

तू म्हणशील, कुणीतरी वापरल्याशिवाय काहीच पक्कं होत नाही. सगळे पक्क्याची वाट बघत बसले तर नवं यायचं कुठून? बरोबर आहे. मी तुझ्याइतकं नसेल, पण एवढं समजण्याइतकं हे काम केलं आहे. माझं भांडण कच्च्याशी नाही. कच्चं हे पक्कं म्हणून देण्याशी आहे. आपल्यावर काहीतरी करून बघितलं जातंय हे तुझ्या आईला माहीत नव्हतं. तिला कुणी विचारलं नव्हतं, तुझ्या जनावरांवर आमचं शिकणं चालेल का. आणि शिकणाऱ्याचं चुकलं तर सावरायला जुनं शाबूत ठेवावं लागतं. ते तू ठेवलं नाहीस, आणि ठेवलंय असं सांगितलंस. खोलीत मी तुझी चूक पकडायचे तेव्हा तू रुसायचास. छावणीत ती जनावरांच्या जिवावर सापडली. पुण्याच्या कुठल्याशा सभागृहात तू त्यावर बोललास, त्याचा व्हिडिओ मी बघितला. 'प्रत्यक्ष कामातली एक लहान अडचण, दोन दिवसांत सोडवली.' टाळ्या पडल्या. मी मोबाइल पालथा ठेवला.

आता यंदा पुन्हा तसाच दुष्काळ आहे, आणि तू टँकरचं घेऊन उभा आहेस. कुठल्या वस्तीला कधी पाणी, कुणाचं थांबवायचं, हे ते आपोआप ठरवणार. मी तुझ्या माणसाला विचारलं, हे कुठं चालू आहे? तो म्हणाला, अजून कुठंच नाही, तुमचा मान पहिला.

सभा काल झाली. तुझा प्रस्ताव मी तुझ्याच शब्दांत पूर्ण वाचला. एक अक्षर गाळलं नाही, माझं एक घातलं नाही. मग विचारलं, कुणाला काही बोलायचंय का? मागच्या बाजूला बायकांत हालचाल झाली आणि तुझी आई उठली. ती आत आलेली मला दिसलीही नव्हती. ती म्हणाली, "मला भोंग्यावर चोर म्हनलं तवा मी गप ऱ्हायले. गाय गेली तरी गप ऱ्हायले. माझा लेक वाईट न्हाई, त्याचं सामान बी उद्या चांगलं व्हईल. पर पान्यावर न्हाई शिकायचं. एकांद्याचं पानी चुकून बंद केलं तर त्यानं कुनाकडं जायाचं?" ती खाली बसली. अण्णा पुढच्या खुर्चीवर होते, त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. मग ठरलं ते असं. या उन्हाळ्यात टँकर चालू पद्धतीनंच फिरणार. तुझं कच्चं शेजारी चालवायचं असेल तर चालव, पण पाऊस पडेपर्यंत त्यानं टँकरच्या एका नळालाही हात लावायचा नाही. हात वर करायला सांगितले, आणि सगळ्यांत पहिला हात तुझ्या आईचा होता.

सभेनंतर ती माझ्यासोबत घरी आली, चहा घेतला आणि म्हणाली, तुझी शपथ सोडवली, आता सांग त्याला. मी फोन तिच्या हातात दिला, तुम्हीच सांगा म्हणाले. तिनं तो परत दिला. "फोनवर त्यो मला हसवील, मग सांगायचं ऱ्हाऊन जाईल. तू कागदावर लिही. पयला हात आईचा व्हता, हे त्याला अण्णाकडून कळाय नको." म्हणून हे पत्र. यात तिनं तुझ्यासाठी राग ठेवलेला नाही, जो आहे तो सगळा माझा आहे. ती म्हणते तू येशील. आलास तर सरळ तिच्या घरी जा, आणि तुझ्याकडं बोलायला काही असेल ते तिथं बोल. माझ्याकडं येऊ नकोस.

एके काळी 'तुझीच' लिहिणारी,
भामा
उमापूर